‘घाबरू नको’ हे अंगाला ऐकू जात नाही

दिवाळी होऊन आठेक दिवस झाले असतील. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझी मामी कापूस वेचत होती. कमरेला ओटी, डोक्यावर फडकं, एकेका बाईला दोन-दोन तासं, म्हणजे ओळी. मधल्या तुरीच्या ओळीतून रानडुक्कर निघालं ते सरळ तिच्या अंगावर. मांडीला दात लागला, टाके पडले. संक्रांतीपर्यंत जखम भरली, तिळगूळ वाटायला मामी स्वतः घरोघरी फिरली.

वावरात मात्र जाईना. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय ठेवला की छातीत धडधड, तळहात ओले, पोटात गोळा. तुरीच्या वाळल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळल्या की घसा कोरडा. मामा म्हणे, डुक्कर काय रोज येते काय? शेजारणी म्हणत, घाबरू नको वो बाई. मामी मला म्हणाली, “मले समजते रे बाबू, आता तिथं डुक्कर नाही. पण हे आंग आयकते काय माह्यं?”

मेंदूविज्ञानाला शंभराहून अधिक वर्षं छळणारा प्रश्न तिने एका वाक्यात मांडला होता.

आपल्या मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोक्याची वर्दी देणं हे त्याचं एक मुख्य काम. डोळ्यांनी पाहिलेलं नीट उमगण्याआधीच तो घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, ठोके वाढतात, रक्त पोटाकडून मांड्यांकडे वळतं, पचन थांबतं. पोटात गोळा येतो तो इथूनच. ‘लढा किंवा पळा’ या तयारीचं वर्णन हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली केलं.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. लढणं नाही, पळणं नाही, जागीच थिजणं. ससा कुत्र्याच्या तोंडात निपचित पडतो तसं. मामीच्या मनात सगळ्यात जास्त सलत होतं ते हेच, की ती ओरडलीसुद्धा नाही. बाजूच्या तासातल्या बाईला आधी दिसलं, मग आरडाओरडा झाला. २०१७ साली स्वीडनमध्ये बलात्कारानंतर रुग्णालयात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणींनी सांगितलं की त्या क्षणी अंग लक्षणीय प्रमाणात थिजलं होतं, हलता येत नव्हतं. ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न आपल्याकडे घरात, चौकीत, कोर्टात किती सहज विचारला जातो! ओरडायचं की नाही, हे तेव्हा तिच्या हातात नसतं.

संकट टळलं की ही घंटा बंद व्हायला हवी. बहुतेकांची होते, काही आठवड्यांत. काहींची होत नाही. आवाज, वास, जागा यांतलं काहीही तिला पुन्हा वाजवायला पुरतं. आघातानंतरच्या या आजाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत पीटीएसडी हे स्वतंत्र नाव मिळालं ते थेट १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल बघून.

आता मामीच्या प्रश्नाकडे. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये उलटी गंगा वाहवली होती: आपण घाबरतो म्हणून पळतो असं नाही, पळतो म्हणून घाबरतो. म्हणजे शरीर आधी बदलतं आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. इतकं टोकाचं आज कुणी मानत नाही, पण त्यात तथ्य निघालं. मेंदूतून निघून गळ्या-छातीतून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे. ती मेंदूचे हुकूम खाली पोचवत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तिच्यातले सुमारे ८० टक्के धागे खालून वर जातात, हृदयाची, फुप्फुसांची, आतड्यांची खबर घेऊन. २०१४ साली सारा गारफिंकेल आणि सहकाऱ्यांना दिसलं की घाबरलेल्या चेहऱ्याचं चित्र हृदय आकुंचन पावत असतानाच्या क्षणी दाखवलं, तर माणसाला ते जास्त तीव्र वाटतं. तोच चेहरा, दोन ठोक्यांमधल्या उसंतीत दाखवला की कमी.

वरून सांगितलेलं ‘घाबरू नको’ म्हणूनच फारसं पोचत नाही. खालून काही पाठवता आलं तर?

हे करून बघा. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. श्वास घेताना ठोके जरा लगबगीने पडतील, सोडताना सुस्तावतील. तरुणांमध्ये हा फरक ठळक असतो, वय वाढलं की कमी होतो. श्वास सोडताना व्हेगस हृदयाचा ब्रेक दाबते, घेताना ढिला करते. ठोके आपल्याला थेट कमी करता येत नाहीत, पचन तर नाहीच. पण श्वास हे काम असं आहे की ते आपोआपही चालतं आणि हाताने हाकताही येतं. सोडणं लांबवलं की ब्रेक जास्त वेळ दाबलेला राहतो.

इटलीच्या लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ साली माळेवरचा ख्रिस्ती लॅटिन जप आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र यांची तुलना केली. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदय-रक्तदाबाचा ताळमेळ सुधारतो. मला यात देवापेक्षा ओळीची लांबी महत्त्वाची वाटते. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला एका दमात अख्खी ओळ सोडावी लागते, म्हणजे घेणं थोडं आणि सोडणं लांब. आपल्याकडे संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेतही सगळे एकाच ओळीला श्वास सोडतात. त्याने आघात बरा होतो असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. अंग निवतं, एवढं खरं.

उलटंही बघितलं पाहिजे, कारण गावात त्यावरूनच सगळा घोळ होतो. घाबरलेलं माणूस भराभर श्वास घेतं. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते. रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, कधी हाताची बोटं वाकडी होऊन ताठतात. बघणारे म्हणतात, बाहेरचं आहे. लिंबू उतरतं, काळा दोरा बांधला जातो. तासाभराने श्वास आपसूक संथ होतो, बोटं सुटतात आणि श्रेय लिंबाला जातं.

पण प्रत्येक धडधड ही भीतीच, असंही समजू नका. आपल्याकडच्या कितीतरी बायांचं हिमोग्लोबिन कमी असतं आणि तेवढ्यानेही छाती धडधडते. थायरॉइडनेही. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी डॉक्टर. आणि फवारणीनंतर घाम, थरथर, लाळ, धूसर दिसणं सुरू झालं तर श्वास मोजत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही.

शरीराच्या वाटेने आघातावर उपचार करणाऱ्या पद्धतींचा आता बाजारच भरला आहे. त्यातला माल नीट पारखून घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१४ साली ६४ स्त्रियांवर प्रयोग केला. सगळ्यांचा आघात जुनाट, आधीच्या उपचारांना दाद न देणारा. अर्ध्यांना दहा आठवडे संथ योगवर्ग, बाकीच्यांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी आजाराच्या निकषात बसेनाशा झाल्या, दुसऱ्या गटात २९ पैकी ६. आशादायक आहे, पण प्रयोग छोटा. अशीच एक पद्धत काढणारे पीटर लेव्हिन म्हणतात की हरणासारखं जंगली जनावर संकटातून सुटल्यावर अंग थरथरवून ताण झटकतं, माणूस तो दाबून ठेवतो. हरणाचं उदाहरण मनाला पटतं, पण त्यांच्या पद्धतीमागचा पुरावा अजून तोकडा आहे. या पद्धतींत वारंवार सांगितल्या जाणाऱ्या, स्टीफन पोर्जेस यांच्या व्हेगसविषयक (‘पॉलिव्हेगल’) सिद्धांतावरही शरीरक्रियातज्ज्ञांचे गंभीर आक्षेप आहेत. ‘आघात स्नायूंत साठतो’ असं सांगून पैसे मागणारा भेटला तर जपून. आठवण मेंदूतच असते, अंगात तिचे परिणाम दिसतात. आणि काहींना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की भीती उलट वाढते. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, तळपाय जमिनीला टेकवून त्यांच्याकडे लक्ष द्यावं.

भक्कम पुरावा आहे तो भीतीच्या जागी टप्प्याटप्प्याने परत जाण्याला, जाणकाराच्या सोबतीने. यात जुनी भीती पुसली जात नाही. ‘इथे आता काही होत नाही’ हा नवा धडा तिच्यावर चढतो, आणि तो डोक्याने नाही, अंगाने गिरवावा लागतो.

मामीला जिल्ह्याच्या ठिकाणच्या समुपदेशक ताईंनी हेच सांगितलं. पहिल्या आठवड्यात दुपारी शेजारणीसोबत फक्त धुऱ्यापर्यंत. तिथे बसायचं, धडधड उतरेपर्यंत उठायचं नाही. श्वास सोडताना सहापर्यंत मोजायचं. मोजणं मामीला झेपलं नाही. “मी काय शाळेतली पोरगी हाय?” मग तिने ओवी धरली. पहिल्या दिवशी अर्धा तास बसावं लागलं. पंधरा दिवसांनी विहिरीपर्यंत, मग कडुलिंबापर्यंत, मग त्या तासापर्यंत.

अशी ताई गाठीला असणं हा नशिबाचा भाग. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मानसिक आधार दिला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. त्यात ना योग होता ना श्वास, दारात येऊन विचारणारं ओळखीचं माणूस होतं. असं कुणी जवळ नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

यंदा पेरणीच्या वेळी मामा म्हणाला, त्या वावरात तूर टाकतच नाही, कटकट नको. मामीनेच अडवलं. “मंग डाळ काय इकत आणू?” तूर पेरली. वेचणीला मामी गेली, फक्त तुरीला लागून असलेलं तास तिने मामाला दिलं.