पार्श्वभूमी: हीटरवरची टक्केवारी आणि एका गुणकाची गोष्ट

हिवाळ्यासाठी घर तापवण्याचे साधन निवडताना आज आपण टक्केवारी, श्रेणी आणि वार्षिक खर्च बघतो. बघण्याची ही रीत जवळजवळ पूर्णपणे १९७३ नंतरची आहे. त्याआधीही कल्पकता होती. लाकूडटंचाईमुळे स्वीडनमध्ये १७६७ साली धूर नागमोडी वाटांनी फिरवून त्यातली उष्णता शोषून घेणारी भट्टी तयार झाली. बाहेरची उष्णता उपसून घरात आणणाऱ्या यंत्राचे, म्हणजे हीट पंपाचे, तत्त्व १८५२ मध्ये मांडले गेले आणि झुरिकच्या नगरभवनात नदीच्या पाण्यातली उष्णता उपसणारा पंप १९३८ पर्यंत चालूही झाला होता. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरोघरी पोचला तो तेलाचा आणि गॅसचा बॉयलर, म्हणजे पाणी तापवून ते खोल्यांतल्या रेडिएटरांत फिरवणारे यंत्र. इंधन इतके स्वस्त होते की ते किती वाया जाते, हे विचारायची गरजच कोणाला वाटली नाही.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये तेलाची कोंडी झाली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. या धक्क्याला दोन देशांनी दिलेली उत्तरे पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहेत. डेन्मार्कची ऊर्जेची सुमारे ९० टक्के गरज आयात तेलावर भागत होती. तिथे १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला, वीजकेंद्रांत वाया जाणारी उष्णता नळांवाटे घरांत आणण्याचे जाळे वाढवले गेले आणि १९८८ पासून नव्या इमारतींत विजेवरचे हीटिंग बसवायला बंदी आली. फ्रान्सने नेमकी उलटी वाट धरली. अणुवीज केंद्रे झपाट्याने उभारली आणि त्या विजेला गिऱ्हाईक हवे म्हणून नव्या घरांच्या भिंतींवर विजेचे हीटर लावले. एका देशात जे साधन कायद्याने बंद, तेच दुसऱ्या देशाच्या धोरणाचा आधार.

मग विजेचा हीटर कार्यक्षम म्हणायचा की नाही? खोलीपुरते पाहिले तर उत्तर सोपे आहे. पंख्याचा ब्लोअर असो, तेल भरलेला रेडिएटर असो की लाल दांडीचा हॅलोजन, एक युनिट वीज घेऊन तो एक युनिट उष्णताच देतो. महाग हीटर त्याच विजेतून जास्त उष्णता काढू शकत नाही. आवाज, सुरक्षितता, थर्मोस्टॅट आणि ऊब किती वेळ टिकते, एवढाच त्यांच्यातला फरक. पण वीजकेंद्रापासून मोजले तर चित्र पालटते. कोळसा किंवा गॅस जाळून वीज करताना इंधनातली निम्म्याहून जास्त उष्णता बहुधा केंद्रातच जाते. हे नुकसान ग्राहकाच्या हिशेबात आणण्यासाठी एक गुणक ठरवला गेला. घरात वापरलेल्या प्रत्येक युनिट विजेला त्याने गुणायचे आणि येणाऱ्या आकड्याला प्राथमिक ऊर्जा म्हणायचे. युरोपीय संघाने हा गुणक २.५ धरला, फ्रान्सने २.५८.

कागदावर किरकोळ वाटणाऱ्या या आकड्याने कोट्यवधी घरांतले साधन ठरवले. २०१५ मध्ये युरोपात बॉयलर आणि हीट पंपांवर ऊर्जा लेबल सक्तीचे झाले, तेव्हा विजेची आकडेवारी २.५ ने भागूनच छापायची होती. त्यामुळे विजेवर पाणी तापवणारा बॉयलर ४० टक्क्यांच्या खाली गेला आणि गॅसचा बॉयलर नव्वदीच्या पुढे राहून ‘अ’ श्रेणीत बसला. फ्रान्समध्ये २०१३ पासून नव्या घरांना वर्षाला प्रति चौरस मीटर सरासरी ५० युनिट प्राथमिक ऊर्जेची मर्यादा आली. २.५८ ने गुणल्यावर साध्या विजेच्या हीटरला या मर्यादेत बसणे अवघड होते. म्हणून बांधकाम करणारे गॅसकडे वळले, तेही ज्या देशात बहुतांश वीज कोळसा किंवा गॅस न जाळता बनते तिथे. मला हा निर्णय या साऱ्या इतिहासातला सर्वांत चुकलेला वाटतो. गुणकामागचा विचार बरोबर होता, मात्र वीजनिर्मिती बदलत गेली तरी आकडा दशकानुदशके हलला नाही.

गुणकाच्या समर्थकांची बाजूही हलकी नाही. हिवाळ्यात संध्याकाळी सगळे हीटर एकदम सुरू होतात तेव्हा लागणारी जादा वीज बऱ्याचदा गॅसच्या केंद्रांतूनच येते. शिवाय गुणक कमी केला की उष्णता झिरपू देणाऱ्या भिंतींची घरेही कागदावर चांगली दिसू लागतात. दोन्ही मुद्दे खरे आहेत. तरी पन्नास वर्षांपूर्वीच्या वीजकेंद्रांच्या सरासरीवरून आजचा हीटर जोखणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

गॅसच्या बाजूलाही आकड्यांचा असाच गुंता झाला. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचे पाणी करून तिची उष्णता परत मिळवतो. युरोपात इंधनाची उष्णता मोजताना ही वाफेतली उष्णता सोडून द्यायची पद्धत होती, म्हणून माहितीपत्रकांत १०७-१०८ टक्के कार्यक्षमता छापली जाई. वाफ धरून मोजले की तोच बॉयलर शंभराच्या आत येतो. ब्रिटनने २००५ मध्ये नव्या गॅस बॉयलरसाठी हे तंत्र जवळपास सक्तीचे केले. पण रेडिएटरमधून परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांहून गरम असेल तर वाफेचे पाणी होतच नाही. वाढीव पैसे देऊन घेतलेला असा बॉयलर तापमान चढे ठेवून वापरला, तर त्याचा मुख्य फायदाच हातचा जातो.

हीट पंपाने ही सगळी मोजणी ढवळून काढली. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरून आत आणतो, म्हणून एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देऊ शकतो. खर्चाचा हिशेब विजेच्या आणि गॅसच्या दरातल्या गुणोत्तराने ठरतो. वीज गॅसच्या तिप्पट महाग आणि बॉयलर ९० टक्के कार्यक्षम असेल, तर हंगामाच्या सरासरीत एका युनिट विजेला २.७ युनिट उष्णता मिळाली की पंप खर्चात बॉयलरच्या बरोबरीला येतो. वीज चौपट महाग असेल तर ३.६ लागतात, आणि ७० अंशांचे पाणी मागणाऱ्या छोट्या रेडिएटरांवर कडाक्याच्या थंडीत एवढे मिळणे कठीण. तोच पंप ३५ अंशांच्या पाण्याने खोलीची जमीन तापवत असेल तर ते सहज साधते.

या साऱ्या गदारोळात भिंती, छत आणि फटी मागे राहिल्या, याची खंत वाटते. पश्चिम जर्मनीत उष्णतारोधनाचा पहिला नियम १९७७ मध्येच आला. त्याच वर्षी कॅनडाच्या गवताळ, गोठवणाऱ्या सस्कॅचवान प्रांतात नेहमीच्या भट्टीशिवाय चालणारे प्रायोगिक घर उभे राहिले. १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये वर्षाला प्रति चौरस मीटर सुमारे १५ युनिट उष्णतेत भागणारी घरे वसली. तरी अनुदाने आणि लेबले यंत्रांभोवतीच जास्त फिरली. झिरपणाऱ्या घरात मोठा हीटर घ्यावा लागतो आणि तो दर हिवाळ्यात जास्त खातो. फटी बुजवून, छत झाकून मग मोजले तर बऱ्याच घरांना निम्म्या क्षमतेचे यंत्र पुरते.

गुणक अखेर हलला. युरोपीय संघाने तो २०१८ मध्ये २.१ वर आणला आणि २०२३ मध्ये १.९ वर. फ्रान्सने नव्या बांधकामांसाठी आणि घरांच्या ऊर्जा-दाखल्यासाठी आधी २.३ धरला आणि जानेवारी २०२६ पासून दाखल्यासाठी १.९ लागू केला. तिथे सर्वांत खालच्या श्रेणीतली घरे नव्याने भाड्याने द्यायला २०२५ पासून मनाई आहे, त्यामुळे या दशांशांचा संबंध थेट भाडेकरूंशी येतो. नव्या हिशेबाने सुमारे साडेआठ लाख घरे तळाच्या दोन श्रेणींतून वर येतील, असा सरकारी अंदाज आहे. त्यांच्या भिंती आणि बिले मात्र कालच्याइतकीच आहेत.