‘लॉग इन’मधला ‘लॉग’ आला कुठून?

बँकेचं ॲप असो की रेल्वेचं तिकीट, ‘लॉग इन’ केल्याशिवाय पान हलत नाही. त्याचा अर्थ आपण ‘आत शिरणं’ असा घेतो. मुळात तो आहे वहीत नोंद करणं. ही वही जहाजावरची, आणि तिला नाव मिळालं ते लाकडाच्या तुकड्यावरून.

लॉग म्हणजे ओंडका. भर समुद्रात वेग मोजायचा तर पाण्यात लाकूड टाकायचं आणि ठरावीक वेळात जहाज त्यापासून किती लांब गेलं ते दोरीवर मोजायचं. विल्यम बोर्न या इंग्रजाने १५७४ मध्ये ही पद्धत छापील पुस्तकात मांडली. पुढे ओंडक्याऐवजी पाव वर्तुळाच्या आकाराची फळी आली. तिच्या गोल कडेला शिसं बसवलेलं असे, त्यामुळे ती पाण्यात उभी राही आणि सहसा ओढली जात नसे. तिच्या तीन दोऱ्यांपैकी एक खुंटीने अडकवलेली असे. मोजणी संपली की हिसका द्यायचा; खुंटी निसटते, फळी आडवी होते आणि सहज वर ओढता येते.

कामाला तीन माणसं लागत: एक रीळ धरणारा, एक वाळूचं घड्याळ सांभाळणारा, एक फळी टाकून दोरी सोडणारा. जहाजामागचं खवळलेलं पाणी पार होईपर्यंतची दोरी हिशेबात धरत नसत. तिच्या शेवटी बांधलेली चिंधी हातातून गेली की घड्याळ उलटं करायचं. पुढे दर ४७ फूट ३ इंचांवर खुणेची गाठ. २८ सेकंदांत जितक्या गाठी सुटल्या, तितके सागरी मैल तासाला. गाठीला इंग्रजीत नॉट म्हणतात. हवामान खात्याच्या वादळाच्या इशाऱ्यांत दिसणारा नॉट तो हाच.

चुका मात्र पुष्कळ होत. दोरी भिजून आकसे, वापरून ताणली जाई. दमट हवेत वाळू हळू पडे, मग गाठी जास्त सुटत आणि वेग फुगे. सर्वांत घातक चूक प्रवाहाची: फळीही जहाजासोबतच वाहत असल्याने प्रवाह मोजण्यात येतच नसे. दोन गाठींमधल्या अंतराचं जुनं माप तर ३० सेकंदांना ४२ फूट होतं. ते सुमारे ५० हवं, हे इंग्रज गणिती रिचर्ड नॉरवुडने १६३७ मध्ये दाखवूनही खलाशी जुन्यालाच धरून राहिले. आखूड मापाने वेग जास्त भरे; पण जहाज हिशेबात पुढे दिसलं, तर किनाऱ्याची टेहळणी वेळेआधी सुरू होते. ही चूक परवडणारी होती.

मोजलेला वेग, दिशा, वारा हे सारं आधी पाटीवर खडूने आणि मग वहीत उतरवत. तीच लॉग-बुक. त्यावरून नोंद करणं म्हणजेच ‘लॉग’ करणं झालं.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. संगणकाचा वेळ महाग, म्हणून कोणी किती वापरला याची नोंद हवी. १९६३ च्या मार्गदर्शिकेत ‘लॉगिन’ ही आज्ञा आहे: आधी प्रकल्पाचा क्रमांक आणि नाव, मग पासवर्ड. ‘लॉगआउट’ म्हटलं की त्या वापराचा हिशेब बंद. पुढे एकदा दोन फायलींची अदलाबदल झाली आणि स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले.

लिनक्स या संगणक प्रणालीवर ‘लास्ट’ ही आज्ञा द्या: कोण कधी आलं, कधी गेलं याची यादी समोर येते. वेबसाइटवर मात्र नुसती टॅब बंद केली, तर जाण्याची नोंद होतेच असं नाही. सत्र, म्हणजे तुमचं लॉग इन, सर्व्हरवर मुदत संपेपर्यंत चालू राहू शकतं, म्हणून सायबर कॅफेत लॉग आउट करूनच उठावं.