पाठीवर मावणारी होडी

पॅकराफ्ट म्हणजे घडी घालून सॅकमध्ये नेता येते अशी एका माणसाची हवेची होडी. आजची नेहमीच्या वापरातली पॅकराफ्ट दोन ते तीन किलोंची असते, चार तुकड्यांत सुटणारं वल्हं साधारण एक किलोचं. लाइफ जॅकेट आणि ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारा पोशाख) धरले की पाण्याचं सामान पाच किलोंच्या आसपास जातं. दहा-बारा दिवसांचा शिधा आणि तंबू आधीच पाठीवर असताना हे पाच किलो चांगलेच जाणवतात. म्हणूनच या होडीचा इतिहास समजून घेताना पाण्याइतकंच पाठीकडे बघावं लागतं. हवेवर तरंगणं माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. निमरूदच्या, इ.स.पू. 9व्या शतकातल्या अ‍ॅसिरियन शिल्पपटांत फुगवलेल्या कातड्यांना कवटाळून नदी पार करणारी माणसं कोरलेली आहेत. अडचण वेगळीच होती. जी वस्तू तरंगवणार तीच दिवसभर उचलून चालता आली पाहिजे, आणि नदीकाठी पोचल्यावर तिनं हवा धरून ठेवली पाहिजे.

या प्रश्नाची किंमत किती असते हे 1821 साली कॅनडाच्या उत्तरेत दिसलं. ब्रिटिश नौदलातले अधिकारी जॉन फ्रँकलिन यांची तुकडी ध्रुवीय किनाऱ्याची पाहणी करून पायी परतत होती. सोबत दोन कनू, म्हणजे लांबट हलक्या होड्या, होत्या. त्या उचलून नेणारी माणसं भुकेनं इतकी खंगली होती की आधी एक आणि मग दुसरीही पडून फुटली. 26 सप्टेंबरला तुकडी कॉपरमाइन नदीवर पोचली. पात्र जेमतेम 120 मीटर रुंद. पण पाणी बर्फासारखं, आणि पलीकडे जायला काहीच नाही. विलोच्या फांद्यांचा तराफा बांधला, तर ओलं लाकूड वजन पेलेना. तळाला टेकेल एवढी लांब काठी नव्हती, वल्ही नव्हती, वारा तराफा परत काठाला आणत होता. डॉक्टर जॉन रिचर्डसन कमरेला दोर बांधून पोहत निघाले. आधी हात बधिर झाले, मग पाय. ते बुडाले आणि दोरानं ओढून परत आणावे लागले. शेवटी तुकडीतल्या पिएर सेंट जर्मेन यानं अंथरुणं गुंडाळायचं रंगवलेलं कॅनव्हास विलोच्या सांगाड्यावर ताणून एका माणसापुरती होडी केली. 4 ऑक्टोबरला एकेक जण तीतून पलीकडे गेला. आठ दिवस गेले होते. वीस जणांपैकी अकरा जण त्या मोहिमेतून परतले नाहीत.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या कापडानं अखेर होडी झाली ते कापड पहिल्या दिवसापासून त्यांच्याच सामानात होतं. नव्हती ती तयार होडी.

फ्रँकलिन यांनी हा धडा घेतला. 1825 च्या दुसऱ्या मोहिमेत त्यांनी सोबत घेतलेली ‘वॉलनट शेल’ नावाची घडीची होडी ॲश लाकडाच्या चौकटीची, मॅकिंटॉश यांच्या रबरी कापडानं मढवलेली होती. लांबी नऊ फूट, वजन 85 पौंड, म्हणजे 38 किलोंहून जास्त. वीस मिनिटांत जोडता येई, पाच-सहा गाठोड्यांत वाटून नेता येई. पण गाठोडी उचलायला माणसंही तेवढीच हवीत. एकट्याच्या पाठीचा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न नीट मांडला ब्रिटिश नौदलातले अधिकारी पीटर हॅल्केट यांनी. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. हॅल्केट यांनी त्याच कापडाचा झगा केला आणि त्यात हवेचे चार स्वतंत्र कप्पे ठेवले. खिशातल्या छोट्या भात्यानं तीन-चार मिनिटांत कप्पे फुगायचे आणि झग्याची लंबगोल होडी व्हायची. हातातल्या काठीला पातं लावलं की वल्हं, छत्री उघडली की शीड. होडीचं वजन साडेतीन किलोंच्या आसपास. 1844 मध्ये त्यांनी ती थेम्स नदीवर चालवून दाखवली. दोन माणसांसाठी पाठपिशवीत मावणारी मोठी आवृत्तीही केली. अ‍ॅडमिरल्टीनं, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयानं, कल्पनेचं कौतुक केलं, पण नौदलाच्या नेहमीच्या कामात तिचा उपयोग नाही असं कळवलं. नौदलाच्या बाजूनं पाहिलं तर ते बरोबरच होतं. ज्याच्याकडे जहाज आहे त्याला झग्याची होडी कशाला? ती हवी होती चालणाऱ्याला. जॉन रे यांनी 1846 पासूनच्या आपल्या ध्रुवीय मोहिमेत हॅल्केट होडी वापरली. ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस संग्रहालयात त्या काळातली एक होडी आजही पाहायला मिळते.

चार कप्पे ठेवण्याचा निर्णय फार शहाणपणाचा होता. एक फाटला तरी माणूस बुडत नाही. आजच्या बहुतेक पॅकराफ्टमध्ये कडेनं फिरणारी हवेची मुख्य नळी एकाच कप्प्याची असते. वजन वाचवण्यासाठी केलेली ती तडजोड आहे, आणि ती केलेली आहे हे विसरू नये.

कल्पना अशी तयार होती, तरी शंभर वर्षं ती पसरली नाही. याचं मोठं कारण कापडात आणि सांध्यांत सापडतं. प्रक्रिया न केलेलं रबर थंडीत कडक होतं, उन्हात चिकट. व्हल्कनायझेशनची, म्हणजे गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याची, पेटंटं 1840 च्या दशकातली. त्यानंतर रबर सुधारलं, पण हवाबंद सांधा करणं अवघडच राहिलं. अमेरिकी शोधप्रवासी जॉन फ्रेमाँट यांनी सप्टेंबर 1843 मध्ये ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरावर रबरी होडी उतरवली. कारागिरानं घाईत सांधे शिवण्याऐवजी नुसते चिकटवले होते. किनारा मागे पडल्यावर दोन नळ्यांमधून हवा सुटू लागली आणि एका माणसाला सतत भात्यावर बसावं लागलं, तेव्हा कुठे ते बेटावर पोचले. सांधा हाच हवेच्या होडीचा जीव आहे. पुढची प्रत्येक खरी सुधारणा या ना त्या रूपानं सांध्याशी किंवा कापडाशीच जोडलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी एका माणसाचे जीवरक्षक तराफे मोठ्या संख्येनं बनले. ते पॅराशूटच्या गठ्ठ्याला जोडलेले असत आणि कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यानं फुगत. युद्धानंतर हे सामान शिल्लक म्हणून स्वस्तात विकलं गेलं. 1952 मध्ये डिक आणि इझाबेल ग्रिफिथ या दांपत्यानं अशाच शिल्लक मालातल्या तराफ्यानं मेक्सिकोतल्या बारांका देल कोब्रे दरीतून उरिके नदीचा प्रवास केला. तराफा माणसाला फक्त तरंगत ठेवण्यासाठी घडवलेला होता, वल्हवण्यासाठी नव्हे. समोरचं टोक बोथट, बूड सपाट. सरळ जायचं म्हटलं तरी गोल फिरायचा. तरीही चालत उतरून नदीनं पुढे जाता येतं, एवढं त्यातून सिद्ध झालं.

1970 च्या दशकात टास्मानियातही असंच घडलं. 1976 मध्ये बॉब ब्राउन आणि पॉल स्मिथ हे दोघं साध्या रबरी तराफ्यांवरून फ्रँकलिन नदी उतरले. ही नदी त्याच जॉन फ्रँकलिन यांच्या नावाची. ते पुढे टास्मानियाच्या वसाहतीचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले होते. नदीवर धरण होऊ नये म्हणून उभ्या राहिलेल्या चळवळीत ब्राउन पुढारी झाले, आणि 1983 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या निकालानं धरण थांबलं. जिथे रस्ता जात नाही तिथलं पाणी लोकांनी आतून पाहिलं, हा त्या तराफ्यांचा मोठा उपकार.

पण पॅकराफ्टला आजचं रूप आलं ते अलास्कात, आणि तेही एका शर्यतीतून. 1982 मध्ये होप ते होमर अशी पहिली अलास्का माउंटन वाइल्डरनेस क्लासिक झाली. अंतर सुमारे 150 मैल. नियम थोडके: आखलेली वाट नाही, बाहेरची मदत नाही, इंजिन नाही, सुरुवातीला पाठीवर घेतलेलं सगळं सामान शेवटपर्यंत न्यायचं. हिमनदीतून निघणाऱ्या स्किलाक नदीपाशी इतर स्पर्धक पोहून जाण्याचा विचार करत असताना पन्नाशी ओलांडलेल्या डिक ग्रिफिथ यांनी सॅकमधून व्हिनाइलचा छोटा तराफा काढला, फुगवला आणि पलीकडे गेले. त्या शर्यतीत रोमन डायलही होते. पुढची कित्येक वर्षं या प्रकाराचा सर्वांत जास्त प्रसार त्यांनीच केला. पुढे तराफा हे त्या शर्यतीचं नेहमीचंच सामान झालं.

अलास्काच का, तर तिथल्या नद्यांमुळे. रस्ते आणि पूल विरळ. हिमनदीचं पाणी दिवसभराच्या उन्हानं वाढत जातं. पहाटे गुडघ्याएवढी असलेली धार संध्याकाळी कमरेपर्यंत येते. पाणी गाळानं राखाडी असतं, त्यामुळे तळ दिसत नाही. पायी ओलांडायची तर पहाटेची वाट पाहणं, पात्र अनेक फाट्यांत विभागलेलं असेल तिथपर्यंत वर जाणं, यात दिवस जातो. एका छोट्या तराफ्यानं हा दिवस वाचतो. आणि एकदा तो सोबत असला की दुसरा विचार सुचतोच: ओलांडायचीच कशाला, खाली का जाऊ नये? इथे अडथळा असलेली नदीच वाट झाली. या इतिहासातलं खरं वळण मला हेच वाटतं. नकाशा वाचण्याची पद्धतच बदलली. खिंडी आणि डोंगरधारांइतक्याच नद्याही वाटेच्या रेघेत येऊ लागल्या. 1996 मध्ये डायल आणि त्यांचे दोन साथीदार अलास्का पर्वतरांगेच्या लांबीभर सुमारे 775 मैल माउंटन बाइक आणि पॅकराफ्ट घेऊन गेले. पाण्यावर सायकल होडीवर आडवी, जमिनीवर होडी सायकलवर.

तोवरचे तराफे मात्र तकलादू होते. व्हिनाइल थंडीत ताठरतं, घडीवर चिरतं, खडकाला घासलं की फाटतं. 2000 च्या सुमारास थोर टिंगी हे अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतरांगेतल्या लांब प्रवासातून परतले तेव्हा त्यांचा तराफा निकामी झाला होता. त्यांच्या आई शेरी टिंगी यांनी पूर्वी स्कीइंगचे कपडे घडवले होते आणि कयाक ही अरुंद, वरून झाकलेली होडीही चालवली होती. कापड कसं बेतायचं आणि पाण्यात शरीर कसं हलतं, दोन्ही त्यांना माहीत होतं. त्यांनी नवी होडी केली आणि अल्पाका राफ्ट ही कंपनी उभी राहिली. पॉलियुरेथेनचा थर दिलेलं नायलॉन पातळ असूनही ओढ सोसतं, आणि या जातीच्या कापडाचे सांधे उष्णतेनं एकजीव करता येतात. फ्रेमाँटच्या भात्यावर बसलेल्या माणसाला अखेर सुट्टी मिळाली.

पंपाचीही गरज उरली नाही. नळीत अडीचशे-तीनशे लिटर हवा लागते. तोंडानं फुंकायची तर शंभरेक फुंकरी. त्याऐवजी पातळ नायलॉनची मोठी पिशवी आली. तिचं एक टोक व्हॉल्व्हला जोडायचं, दुसरं उघडं तोंड वाऱ्याकडे धरायचं, हवा कोंडली की तोंड पिळून पिशवी काखेत दाबायची. दहा-पंधरा वेळा केलं की होडी उभी राहते. पिशवीनं आकार येतो, ताठपणा नाही. तो शेवटी तोंडानं फुंकून आणायचा. मग होडी दोन-चार मिनिटं पाण्यात ठेवून पुन्हा फुंकायची, कारण आतली हवा 20 अंशांवरून 5 अंशांवर आली की तिचं आकारमान साधारण 5 टक्के घटतं. हे टाळलं तर नदीच्या मध्यावर होडी मऊ पडते आणि मधोमध दुमडायला लागते. उलट, जेवणासाठी थांबल्यावर होडी उन्हात तापत ठेवली तर हवा फुगून सांध्यांवर ताण येतो. थोडी सोडून द्यावी.

यानंतर बदल झाले ते आकारात. जुन्या होड्या आखूड होत्या आणि माणूस मागच्या बाजूला बसायचा. उसळत्या लाटेतून बाहेर पडताना मागचा भाग दबायचा, पुढचा उचलला जायचा आणि होडी मागच्या मागे उलटायची. 2011 च्या सुमारास मागचं टोक लांब आणि निमुळतं झालं. वजन मध्याकडे सरकलं, होडी सरळ चालू लागली. वर झाकण आलं, मांडीचे पट्टे आले, कयाकसारखी होडी अंगानं कलती करता येऊ लागली. मग नळीलाच हवाबंद झिप बसवून सामान आत, मुख्य हवेच्या कप्प्यात ठेवायची सोय झाली. पुढच्या टोकावर सॅक बांधली की नजर अडते आणि भार उंचावर जातो. तोच भार नळीत खाली गेला की होडी कमालीची स्थिर होते. मोबदल्यात एक नाजूक जागा वाढली. झिपच्या दातांत वाळूचा कण अडकला, किंवा सरकती कडी शेवटच्या खोबणीत घट्ट बसली नाही, तर हवा सुटते, आणि ती एकमेव मोठ्या कप्प्यातून सुटते. झिप धुणं आणि तिला वंगण लावणं हा त्यामुळे रोजच्या कामाचा भाग झाला.

लांबच्या प्रवासांनी या साधनाची कुवत दाखवली. एरिन मॅककिट्रिक आणि ब्रेटवुड हिगमन हे दांपत्य 2007-08 मध्ये सिॲटलहून अल्यूशन बेटांपर्यंत सुमारे 4,000 मैल चालत, पॅकराफ्टनं आणि स्कीवर गेलं. 2010 मध्ये अँड्र्यू स्कर्का यांनी अलास्का आणि युकॉनमधून सुमारे 4,700 मैलांचा फेरा याच तीन साधनांनी पूर्ण केला.

होडी चांगली झाली तशी चूक होण्याची जागाही बदलली. पूर्वी होडीच अवघड पाण्यात टिकत नसे, त्यामुळे माणूस आधीच काठाला लागायचा. आता होडी टिकते आणि माणूस आपल्या कुवतीपलीकडच्या पाण्यात सहज शिरतो. 2014 च्या वाइल्डरनेस क्लासिकमध्ये टाना नदीवर एका स्पर्धकाचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या काळात शिकण्या-शिकवण्यात जोर आला तो उलटल्यावर पाण्यातूनच होडीत परत चढण्याच्या सरावावर, पात्रात आडव्या पडलेल्या झाडांपासून लांब राहण्यावर, आणि होडीवरच्या पट्ट्यांवर. सुटी लोंबती दोरी उलटल्यावर पायात गुंतते. म्हणून सॅकचे पट्टे ओढून घट्ट करायचे, उरलेली टोकं आत खोचायची, आणि स्वतःला होडीशी कधीही बांधून घ्यायचं नाही. काठावर मात्र उलट: रिकामी होडी अडीच किलोंची, वाऱ्याची एक झुळूक तिला नदीपार नेते. उतरल्याबरोबर ती झाडाला बांधायची किंवा सॅक तिच्यातच ठेवायची. नाहीतर पुढच्या नदीवर आपणही फ्रँकलिनच्या माणसांसारखे काठाला अडकून पडतो.