राइडच्या नकाशातून घराचा पत्ता कसा कळतो आणि तो कसा झाकावा
बेळगावातील आमच्या सायकल दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून गिअरची सायकल नेणारे बहुतेक ग्राहक त्याच आठवड्यात मोबाइलवर स्ट्राव्हा किंवा तसेच राइडचा मार्ग नोंदवणारे एखादे ॲप घेतात आणि राजहंसगडाचा चढ पहिल्यांदा पाय न टेकता पार केला की त्याचा नकाशा उत्साहाने ग्रुपवर टाकतात. त्यात गैर काही नाही, आम्हीही टाकतो. मात्र त्या नकाशावरची रेघ जिथे सुरू होते आणि जिथे संपते, ते ठिकाण बहुधा आपल्या घराचे फाटक असते, आणि चाळीस-पन्नास हजारांची सायकल रात्री उभी असते तीही त्याच फाटकाच्या आत. हे पत्रक रेघेच्या त्या दोन टोकांविषयी आहे. आपल्याकडे बाइक म्हटले की मोटारसायकल डोळ्यांसमोर येते. मोटारसायकलवरून चोर्ला घाटात जाऊन मार्ग नोंदवणाऱ्यांनाही यातले जवळजवळ सर्व लागू पडते.

मोबाइल किंवा हँडलवर बसवायचा सायकल कॉम्प्युटर दर एक-दोन सेकंदांनी आपले अक्षांश, रेखांश आणि वेळ टिपून ठेवतो. अक्षांशाच्या पाचव्या दशांश स्थळातील एका अंकाचा फरक जमिनीवर सुमारे एक मीटर भरतो. प्रत्यक्षात खडेबाजारासारख्या दाट वस्तीत रेघ काही मीटर इकडेतिकडे सरकते, कधी शेजाऱ्याच्या छपरावरूनही जाते. परंतु रोज एकाच घरातून निघणाऱ्या माणसाच्या महिनाभराच्या रेघा एकावर एक ठेवल्या, तर सर्व टोकांची गर्दी एकाच दारापाशी होते आणि ही चूक निघून जाते. शिवाय सकाळी साडेपाचला बाहेर आणि साडेसातला परत, हा आपला नेमही त्यातच लिहिलेला असतो, आणि अनेकांनी ॲपमध्ये सायकलचे मॉडेलही हौसेने भरलेले असते. आपले घर गल्लीला ठाऊक असतेच, असे काही ग्राहक आम्हाला म्हणतात. ते खरे आहे. काळजी आहे ती गल्लीबाहेरच्या, आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसाची.

सर्वांत सोपा उपाय सर्वांत जुना आहे आणि आमच्या मते सर्वांत चांगलाही तोच आहे. घरून निघाल्यावर रेकॉर्डिंग लगेच सुरू करू नये. टिळकवाडीतील ग्राहकाने तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत किंवा गोगटे सर्कलपर्यंत जावे, तिथे बटण दाबावे आणि परतताना तिथेच किंवा वाटेवरच्या दुसऱ्या एखाद्या चौकात ते बंद करावे. जी नोंद झालीच नाही ती कोणाच्याही हाती लागत नाही. किलोमीटरभर अंतर कमी दिसेल, एवढाच तोटा. हा तोटा काहींना फार जड जातो, हे आम्ही जाणतो.

ज्यांना प्रत्येक मीटर मोजायचा आहे त्यांनी ॲपमधील झाकण्याची सोय वापरावी. स्ट्राव्हामध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी कंट्रोल्स आणि त्यात मॅप व्हिजिबिलिटी असा मार्ग आहे. तिथे ठरावीक पत्त्याभोवतीचा वर्तुळाकार भाग झाकता येतो, कुठूनही निघालात तरी प्रत्येक राइडची सुरुवात आणि शेवट झाकता येतो, किंवा नकाशा संपूर्ण लपवता येतो. हे अंतर २०० मीटरपासून १६०० मीटरपर्यंत निवडता येते. बहुतेक जण २०० मीटर निवडून निश्चिंत होतात. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत २०० मीटरांत पुष्कळ घरे येतात. पण येळ्ळूर, कडोली किंवा उचगावच्या शिवारात, जिथे रस्त्याच्या टोकाला एखाददुसरेच घर असते, तिथे ते २०० मीटर म्हणजे बोट दाखवण्यासारखेच आहे. गावातील ग्राहकांनी १६०० मीटरच ठेवावेत. झाकलेल्या भागात सुरू होणाऱ्या किंवा संपणाऱ्या सेगमेंटच्या, म्हणजे सर्वांच्या वेळेची तुलना होते अशा रस्त्याच्या ठरावीक तुकड्याच्या, क्रमवारीत आपले नाव येत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे.

वर्तुळानेही सर्व झाकले जाते असे नाही. एका सरळ रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जाते, हे आपण शाळेत शिकलो. आपण सोमवारी राकसकोपकडे, बुधवारी सांबऱ्याकडे आणि रविवारी खानापूरकडे गेलात आणि तिन्ही रेघा घराजवळ तुटक झाल्या, तर तुटण्याची ती तीन ठिकाणे मिळून वर्तुळ काढता येते आणि त्याच्या मध्याशी आपले घर सापडते. यासाठीच काही ॲप वर्तुळाचा मध्य घरापासून मुद्दाम थोडा बाजूला सरकवतात. तरीही २०२२ साली बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, नकाशावरची रेघ झाकलेली असली तरी राइडच्या एकूण अंतराच्या आकड्यात झाकलेला भाग मोजलेला राहतो, आणि तो आकडा रस्त्यांच्या नकाशाशी ताडून पाहिल्यास अशी ठिकाणे ८५ टक्क्यांपर्यंत शोधता येतात. वर्तुळ जितके मोठे आणि आतील रस्ते जितके जास्त, तितके हे काम अवघड होते. म्हणून आम्ही चौकात बटण दाबण्याचा आग्रह धरतो.

आमची स्वतःचीच एक चूक येथे सांगणे भाग आहे. एका रविवारच्या राइडला आम्ही पाच जण एका ग्राहकाच्या अंगणात जमलो, चहा घेतला आणि तिथूनच निघालो. त्या गृहस्थांनी आपले घर व्यवस्थित झाकले होते, परंतु आमच्यापैकी चौघांच्या रेघा सरळ त्यांच्या तुळशी वृंदावनापासून सुरू झालेल्या दिसत होत्या, कारण आम्ही झाकली होती ती आपापली घरे. त्यांनी ते दुपारी फोन करून सांगितले. तेव्हापासून आमच्या राइडला सर्वांनी संभाजी चौकात जमावे असे ठरले आहे, आणि चहाही तिथल्याच टपरीवर होतो.

कॅम्प भागातील, हिंडलग्याकडील किंवा सांबरा हवाई दलाच्या वसाहतीतील ग्राहकांनी विशेष काळजी घ्यावी. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून एक झगमगता नकाशा प्रसिद्ध केला. त्यावर कोणाचेही नाव नव्हते, तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानात आले की, ओसाड प्रदेशातील सैनिकी तळांच्या आतील धावण्याच्या वाटाही त्यात उजळून निघाल्या आहेत. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्समधील ल मोंद या दैनिकाने राष्ट्रप्रमुखांच्या अंगरक्षकांच्या उघड्या नोंदींवरून त्यांच्या हालचाली कशा कळतात ते दाखवले. सैन्यातील ग्राहक आणि त्यांच्या कुटुंबीयांनी या पत्रकापेक्षा आपल्या युनिटचा आदेश प्रमाण मानावा. इतरांनाही एकत्रित नकाशातून आपल्या नोंदी काढून घेण्याची सोय प्रायव्हसी कंट्रोल्समध्येच मिळेल. वाटेत कोण जवळून गेले हे दाखवणारी फ्लायबाय ही सोयही बंद आहे ना, हे विशेषतः एकट्या जाणाऱ्या महिलांनी पाहून घ्यावे.

नकाशा झाकून फोटोत पत्ता देणारेही आहेत. नवी सायकल फाटकाला टेकवून काढलेल्या फोटोत घराच्या नावाची पाटी आणि मागे केए-२२ ने सुरू होणारा मोटारीचा पूर्ण नंबर स्पष्ट वाचता येतो. फोटो काढताना मोबाइलचे लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद राहते; व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. मित्राला मार्ग कळावा म्हणून आपण आपल्या खात्यातून उतरवून पाठवलेल्या जीपीएक्स फाइलमध्ये (मार्गाच्या सर्व बिंदूंची नोंद असलेल्या फाइलमध्ये) तर झाकलेला भागही पूर्णपणे असतो. अशी फाइल पाठवण्यापूर्वी दोन्ही टोके कापावीत, किंवा ॲपमध्ये चौकापासून सुरू होणारा नवा मार्ग आखून तोच द्यावा.

आंबोलीच्या धबधब्यासमोरचा फोटो तिथूनच टाकला की पुढचे निदान चार तास घरातील माणूस सत्तर किलोमीटर दूर आहे, हे सर्वांना कळते. तो संध्याकाळी टाकावा. लाइव्ह लोकेशनची गोष्ट वेगळी आहे. जांबोटीच्या पुढे जंगलात मोबाइलची रेंज तुटते, त्यामुळे घरच्या एक-दोन माणसांना ते अवश्य द्यावे. शंभर जणांच्या ग्रुपवर देऊ नये.

सेटिंग बदलल्यानंतर जुन्या राइड आपोआप झाकल्या गेल्या असे गृहीत धरू नये. आपल्या खात्यातून पाहिल्यास झाकलेला भागही आपल्याला दिसतो, म्हणून मित्राच्या मोबाइलवरून किंवा खात्यातून बाहेर पडून तपासावे. गार्मिनच्या घड्याळातून नोंदी स्ट्राव्हाकडे आपोआप जात असतील तर दोन्हीकडे वेगवेगळे झाकावे लागते. जुना सायकल कॉम्प्युटर विकायला किंवा बदलून घ्यायला आणाल तेव्हा त्यातील सर्व नोंदी पुसून आणाव्यात; राहिल्यास आम्ही आपल्यासमोर पुसून देतो.

हे सर्व घरी जमले नाही तर कोणत्याही कामाच्या दिवशी दुपारी, गर्दी कमी असताना, मोबाइल घेऊन दुकानात यावे. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही. पासवर्ड मात्र आम्हाला सांगू नये, तो आपणच टाकावा.