पार्श्वभूमी: यंत्रं घरी आली, खोली मागे राहिली

मराठी डबिंग, श्राव्यपुस्तकं आणि भक्तिगीतं यांचं बरंचसं ध्वनिमुद्रण आता राहत्या घरातल्या एका खोलीत होतं. माईक कोणता घ्यावा, माईकचा आवाज संगणकात नेणारा इंटरफेस कोणता, यावर भरपूर लिहिलं जातं. ही सोय घरापर्यंत कशी आली आणि येताना काय मागे राहिलं, त्याची ही नोंद.

जुना काळ थोडक्यात. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झालं, तेही तात्पुरत्या उभारलेल्या जागेत, भोंग्यात तोंड घालून गाऊन. १९२५ नंतर विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि पुढे मुंबईत चित्रपटसंगीतासाठी मोठे स्टुडिओ उभे राहिले. तिथे वादकांचा अख्खा ताफा आणि गायक एकाच वेळी, एकाच टेकमध्ये वाजवत-गात. शिफ्टचे पैसे मोजताना निर्माता यंत्रांचं भाडं तर देत होताच, पण त्याहून जास्त मोल होतं उंच छताच्या, जाड भिंतींच्या, जाणत्या माणसांनी घडवलेल्या त्या दालनाचं. पुढच्या सगळ्या गोष्टीत हेच विसरलं गेलं.

१९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार आवाज वेगवेगळे, मुद्रित करणारं छोटं यंत्र बाजारात आलं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एका नामवंत गायकाने अशाच यंत्रावर घरी केलेलं कच्चं मुद्रण तसंच अल्बम म्हणून प्रसिद्ध केलं, आणि घरातलं काम बाजारात चालतं हे दिसलं. आपल्याकडे त्याच दशकात कॅसेटची लाट आली. कोळीगीतं, भीमगीतं, लावण्या, देवीची गाणी गावोगावी पोहोचली, पण ती मुद्रित होत होती छोट्या भाड्याच्या स्टुडिओंत. आयात शुल्क इतकं होतं की मल्टिट्रॅक यंत्र घरी आणणं सामान्य संगीतकाराच्या आवाक्यात नव्हतं.

खरा वेग नंतरचा. १९९२ मध्ये व्हिडिओ कॅसेटच्या फितीवर आठ डिजिटल ट्रॅक घेणारं यंत्र विक्रीला आलं. अशी १६ यंत्रं जोडली की १२८ ट्रॅक. १९९६ मध्ये एका जर्मन कंपनीने इफेक्ट्स थेट सॉफ्टवेअरमध्ये चालवायची सोय केली. दुसऱ्याच वर्षी तिनेच आणलेल्या ड्रायव्हरच्या (संगणक आणि आवाजाचं यंत्र जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पद्धतीमुळे साध्या संगणकावरही गाताना हेडफोनमध्ये आवाज मागाहून येण्याचा त्रास आटोक्यात आला. २००० मध्ये ध्वनी संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर आलं आणि २०११ च्या सुमारास दोन माईक जोडता येतील असे यूएसबी इंटरफेस घरगुती बजेटमध्ये बसू लागले. २०१७ च्या अखेरीस मराठी श्राव्यपुस्तकंही देणारं सशुल्क ॲप भारतात आलं, आणि २०२० च्या टाळेबंदीत तर आवाजाच्या कलाकारांना घरून काम करण्यावाचून पर्याय उरला नाही. गोधडी डोक्यावर घेऊन, कपड्यांच्या कपाटात तोंड घालून संवाद मुद्रित झाले.

टाळेबंदी संपल्यावर या तात्पुरत्या सोयीचं कायमस्वरूपी काय करायचं हा प्रश्न आला, आणि त्यावर आजही एकमत नाही. एक बाजू म्हणते, खोलीच्या कोपऱ्यात प्लायवूडचा ४ फूट बाय ४ फूट बूथ, म्हणजे आत उभं राहून बोलायची बंद पेटी, बांधा, आतून फोम लावा. दुसरी म्हणते, बूथ नको, पूर्ण खोलीच सुधारा. सुतारांना आणि फोम विकणाऱ्यांना पहिला मार्ग सोयीचा आहे, दिसायलाही तो ‘स्टुडिओ’ दिसतो. माझ्या मते बहुतेक घरांसाठी तो चुकीचा आहे, आणि याचं कारण मोजून दाखवता येतं.

दोन समांतर भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर फुगतात. अंतर ४ फूट असेल तर त्यातला सगळ्यात खालचा स्वर साधारण १४० हर्ट्झला येतो, म्हणजे पुरुषाच्या बोलण्याच्या ऐन पट्टीत. एक इंची फोम तिथे जवळपास काहीच करत नाही. तो फक्त वरचे, तीक्ष्ण ध्वनी खातो. उरतो तो डब्यातून आल्यासारखा घुमणारा, वरून मात्र मेलेला आवाज. अंड्याचे ट्रे लावले तर तेवढंही साधत नाही.

मोठी खोली निर्दोष असते असं नाही. आपल्या फ्लॅटमधली १० बाय १० ची खोली याबाबतीत कुप्रसिद्ध आहे. लांबी आणि रुंदी सारखी असल्यामुळे दोन्हीकडून तेच स्वर फुगतात, आणि छतही जवळपास तितक्याच उंचीवर. पहिला स्वर ५६-५७ हर्ट्झच्या आसपास, दुसरा त्याच्या दुप्पट, साधारण ११३. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र कोमल धैवत ११० च्या आसपास असतो. अशा खोलीत तो खर्जात उतरला की कोमल धैवत अंगावर येतो आणि शेजारचा पंचम दबलेला वाटतो. दोष गळ्याचा नसतो. बूथपेक्षा फरक इतकाच, की खोलीत हे फुगणं कमी करायला जागा असते. ५० मिलिमीटरच्या रॉकवूलच्या (ध्वनी शोषणाऱ्या दगडी लोकरीच्या) दोन पाट्या एकावर एक, पाइनची चौकट, वर मांजरपाट ताणलेला, आणि मागे भिंतीपासून चार इंच पोकळी सोडलेली. अशा चौकटी कोपऱ्यांत आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे लावल्या की घुमणं स्पष्टपणे उतरतं. बूथमध्ये एवढी जाडी घातली तर माणूस आत मावत नाही.

बूथवाल्यांचा खरा मुद्दा बाहेरच्या आवाजाचा आहे: कुकरच्या शिट्ट्या, पत्र्यावरचा पाऊस, सोसायटीतले कुत्रे. त्यात तथ्य आहे. पण बाहेरचा आवाज वजनाने आणि फटी बंद केल्याने अडतो, फोमने नाही. ३ फूट रुंद, ७ फूट उंच दाराखाली पाऊण इंचाची फट म्हणजे दाराच्या जवळजवळ १ टक्का जागा उघडी, आणि तेवढी उघडी असली की दार कितीही जाड असो, अडवणूक २० डेसिबलच्या आसपास थांबते. पातळ प्लायचा बूथ याहून फारसं काही देत नाही. दाराची फट रबराने बंद करणं आणि खिडकीला आतून दुसरी जाड काच बसवणं स्वस्त पडतं आणि जास्त कामाला येतं. पंखा मात्र बंदच ठेवावा लागतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे हे किती कठीण आहे हे तिथले कलाकारच जाणतात. म्हणून तिकडे पहाटेच्या मुद्रणाला दुसरा पर्याय नाही.

अलीकडची भर म्हणजे गोंगाट आणि घुमणं काढून टाकणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सॉफ्टवेअर. पंख्याची सततची घरघर ती बऱ्यापैकी काढतात. पण खोलीचं घुमणं काढताना ‘स’, ‘श’ आणि शब्दांची शेवटची टोकं खरवडली जातात, आणि मराठीत अनुस्वारित शेवट किती महत्त्वाचे आहेत हे वेगळं सांगायला नको. श्राव्यपुस्तकांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची अट आहे की कोणी बोलत नसतानाचा गोंगाट (मुद्रणाच्या कमाल पातळीच्या मानाने) उणे ६० डेसिबलच्या खाली असावा. सॉफ्टवेअरने ती आकड्यात पाळता येते, खरवडलेले शब्द मात्र त्या आकड्यात दिसत नाहीत. म्हणूनच अनेक ठिकाणी काम देण्यापूर्वी प्रक्रिया न केलेला कच्चा नमुना मागतात: सुरुवातीला काही सेकंद नुसती खोली, मग आवाज.