बॉम्बे रक्तगट

तांबड्या रक्तपेशींवर ‘एच’ हा प्रतिजन (रक्तगटाची ओळखखूण) मुळीच नसलेला दुर्मीळ रक्तगट. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना तो मुंबईत तीन व्यक्तींमध्ये आढळला. रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स या ब्रिटिश संशोधकांसह त्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात साधारण १०,००० माणसांमागे एकाचा हा गट असतो, युरोपात १० लाखांत एखाद्याचा. महाराष्ट्र आणि कर्नाटकात तो तुलनेने अधिक सापडतो.

रक्तगट ठरवणाऱ्या खुणा मुख्यतः पेशीच्या पडद्यातील ग्लायकोप्रथिनांवर असतात. त्यांतले ‘बँड ३’ हे प्रथिन एका तांबड्या पेशीवर सुमारे १० लाख प्रतींत असते. अशा प्रथिनांना पेशीबाहेरच्या बाजूने शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि प्रतिपिंडे (परक्या खुणांना चिकटणारी रक्तातील संरक्षक प्रथिने) ओळखतात ती या साखळ्यांची टोके. टोकाच्या गॅलॅक्टोजला फ्यूकोज ही शर्करा जोडली की ‘एच’ तयार होतो. त्यावर आणखी एक विशिष्ट शर्करा चढली तर ‘ए’, दुसरी चढली तर ‘बी’. काहीच चढले नाही तर माणूस ‘ओ’ गटाचा. म्हणजे ‘ओ’ गटाच्या पेशींवरही ‘एच’ भरपूर असतो. बॉम्बे गटात तोच नसतो, आणि पायाच नसल्यामुळे ‘ए’ किंवा ‘बी’चे मजले चढत नाहीत. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी १९५२ सालीच ईल माशाच्या रक्तजलातील (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवातील) एच-विरोधी घटक फ्यूकोजने निष्प्रभ होतो हे दाखवले होते. प्रथिन तेच राहूनही केवळ त्यावरील शर्करेने रक्ताची ओळख बदलते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणे वैद्यकात थोडीच आहेत.

फ्यूकोज जोडणारे विकर (एन्झाइम) १९व्या गुणसूत्रावरील ‘एफयूटी१’ जनुकातून बनते. भारतीयांमध्ये नेहमी आढळणाऱ्या प्रकारात या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते आणि विकर निकामी होते. लाळेत ‘एच’ आणणारे शेजारचे ‘एफयूटी२’ जनुकही या लोकांत गळालेले असते. ‘ए’ व ‘बी’ची जनुके मात्र ९व्या गुणसूत्रावर शाबूत असू शकतात. त्यामुळे ‘ओ’ समजल्या गेलेल्या आईला ‘एबी’ गटाचे मूल होऊ शकते. अशा वेळी कुटुंबात संशयाचे बोट उठण्याआधी आईचे रक्त पुन्हा तपासायला हवे. दोष अप्रभावी असल्याने तो आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. नात्यातल्या लग्नांत, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी झालेल्या विवाहात, ही शक्यता वाढते.

‘एच’ नसणे हा आजार नव्हे. ही माणसे निरोगी जगतात. धोका असतो रक्त चढवताना. त्यांच्या रक्तद्रवात ‘ए’ व ‘बी’ यांच्याबरोबर ‘एच’विरुद्धही प्रतिपिंडे असतात आणि ती शरीराच्या तापमानाला जोमाने काम करतात. सर्वांना चालणारे म्हणून ओळखले जाणारे ‘ओ निगेटिव्ह’ रक्तही अशा रुग्णाच्या शरीरात गेल्यास पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

चूक होते ती अर्धवट तपासणीमुळे. केवळ पेशींची चाचणी केली तर बॉम्बे गट हुबेहूब ‘ओ’सारखा दिसतो. रुग्णाच्या रक्तजलात ‘ओ’ गटाच्या पेशी घालून पाहिल्या, तर त्यांच्या लगेच गुठळ्या होतात. खऱ्या ‘ओ’ माणसाच्या रक्तजलात तसे होत नाही. ‘युलेक्स’ या वनस्पतीच्या बियांपासून मिळणाऱ्या एच-विरोधी लेक्टिनने (शर्करेला चिकटणाऱ्या प्रथिनाने) निदान पक्के होते. घाईच्या वेळीही ‘ओ’ पेशींची ही साधी चाचणी वगळणे समर्थनीय नाही. गुंतागुंतीचे नमुने परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत तपासले जातात. ही संस्था १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली.

‘एच’ घडवणाऱ्या फ्यूकोजशी निगडित एक वेगळा, गंभीर विकारही आहे. त्यात ही शर्करा पेशीतील गॉल्जी पिंडात (जिथे प्रथिनांना शर्करा जोडल्या जातात) पोहोचवणारे वाहक प्रथिनच सदोष असते. परिणामी ‘एच’ तर बनत नाहीच, शिवाय पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटण्यासाठी लागणाऱ्या शर्कराही बनत नाहीत. अशा मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि त्यांची वाढ व बौद्धिक विकास खुंटतो.

बॉम्बे गटाच्या रुग्णाला याच गटाचे रक्त लागते. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी त्याचेच रक्त काढून ठेवता येते, आणि ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या पेशी १० वर्षांपर्यंत टिकतात. ऐनवेळी पहिला शोध सख्ख्या भावंडांत घ्यावा, कारण प्रत्येक भावंडाचा गट जुळण्याची शक्यता किमान चारात एक असते.