सरकारी पैशातून संगणक शिकायचा आहे? गोव्यातून अर्ज असा करा

संगणकावर सरकारचा पैसा खर्च होणे गोव्याला नवीन नाही. मनोहर पर्रीकरांच्या काळात सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले. पुढे मूल नोकरीला लागले, संगणक माळ्यावर गेला आणि आई मात्र गृहिणींसाठीच्या गृहआधार योजनेचे पैसे जमा झाले की नाहीत हे बघायला अजून पासबुक घेऊन बँकेत जाते. यंत्र देणे सोपे असते. माणसाला शिकवायचा खर्च कुणी करायचा, हा खरा प्रश्न.

त्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणले. तरतूद २,३५१.३८ कोटी रुपयांची, उद्दिष्ट ६ कोटी माणसांचे. १४ ते ६० वयाची, ग्रामीण घरातली, घरटी एक व्यक्ती पात्र. अभ्यासक्रम २० तासांचा. शिकणाऱ्याला फी नाही; प्रशिक्षण केंद्राला माणशी ३०० रुपये, तेही उमेदवार परीक्षा पास झाल्यावर. ही अट मला आवडते, कारण नुसती हजेरी भरून पैसे मिळत नव्हते. तरीही प्रशिक्षण ६.३९ कोटींनी घेतले आणि प्रमाणपत्र मिळाले सुमारे पावणेपाच कोटींना.

आणि हे नीट लक्षात ठेवा: ते अभियान ३१ मार्च २०२४ ला संपले. त्याच्या नावावर आजही कुणी दारात येऊन आधार क्रमांक आणि अंगठा मागत असेल, तर त्याला पाणी द्या, आधार देऊ नका.

मग आता काय उरले? वय कितीही असो, शिक्षण कितीही असो, सगळ्यांना खुली असलेली वाट म्हणजे नायलिट या केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान शिक्षण संस्थेचा सीसीसी, म्हणजे संगणकाची तोंडओळख करून देणारा 'कोर्स ऑन कॉम्प्युटर कन्सेप्ट्स'. अभ्यासक्रम ८० तासांचा. परीक्षा फी ५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. फुकट नाही, पण खासगी क्लासच्या फीपुढे काहीच नाही. क्लास लावलाच पाहिजे असेही नाही. नायलिटच्या विद्यार्थी पोर्टलवर स्वतंत्र उमेदवार म्हणून थेट अर्ज करता येतो. फोटो, सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा स्कॅन करून जवळ ठेवा. फाइलचा आकार पोर्टल सांगेल तेवढाच हवा, अर्ज बहुतेक वेळा तिथेच अडतो. फी ऑनलाइन भरा किंवा सीएससी केंद्रात (कॉमन सर्व्हिस सेंटर, म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवा देणारे जवळचे केंद्र). अर्ज क्रमांक लिहून ठेवा, प्रवेशपत्र त्यावरच निघते.

परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न, पास व्हायला ५० टक्के. प्रश्नपत्रिका इंग्रजी किंवा हिंदीत घेता येते. एक फसगत सांगून ठेवतो: अभ्यासक्रम लिबरऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या पण वेगळ्या सॉफ्टवेअरवर बेतलेला आहे. ऑफिसात वर्षानुवर्षे वर्ड-एक्सेल वापरणारी माणसे इथे गाफील राहतात. लिबरऑफिस मोफत मिळते, आधी घरी उतरवून हात बसवा.

आता नावाचे. गोव्यात हे दुखणे जुने आहे. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत 'नाईक' हे आडनाव 'क्यू-यू-ई'ने संपते, दहावीच्या गुणपत्रिकेत 'के'ने, आणि आधारवर तिसरेच काहीतरी. अर्जात लिहाल तेच नाव प्रमाणपत्रावर छापून येते. म्हणून आधी आधार आणि दहावीचे नाव जुळवून घ्या, मगच फॉर्म उघडा.

फी परवडत नसेल आणि वय १५ ते ४५ असेल, तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखालच्या डेटा एंट्रीसारख्या बॅचची चौकशी करा. हे प्रशिक्षण मोफत असते. स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची. आधार, आधारला जोडलेला मोबाईल, बँक खाते आणि अभ्यासक्रमाला लागणारी गुणपत्रिका जवळ हवी. सध्याच्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२६ पर्यंतचीच मुदतवाढ दिली होती, म्हणून कागद देण्याआधी बॅच खरोखर चालू आहे का ते विचारा. परीक्षा कोण घेणार आणि कधी, हेही तोंडावर विचारा. पेडण्याहून म्हापशाला रोज बसने जाणाऱ्याचा वेळ आणि तिकीट सरकारच्या हिशोबात धरलेले नसते.

मामलेदाराचा १५ वर्षांचा रहिवासी दाखला सीसीसीला लागत नाही. पण पुढे कनिष्ठ कारकुनाच्या जागेला अर्ज कराल तेव्हा तो लागेल, रोजगार विनिमय केंद्राचे कार्डही लागेल. त्या जाहिरातीत संगणकाचे ज्ञान आणि कोकणी आवश्यक असते, मराठी 'इष्ट'. दाखला मिळायला वेळ लागतो, तेव्हा सीसीसीचा निकाल यायची वाट न पाहता त्याचा अर्ज आधीच करून ठेवा.